झिजलेल्या देवांबद्दल

अम्मा,

रविवारी अण्णा येणार आहे आणि येताना नवीन देव घेऊन येणार आहे. पुण्याच्या कुठल्याशा सराफाकडून त्याने दोन टाक घडवून मागवलेत, चांदीचे, एक देवी आणि एक खंडोबा, दोघांचेही नाकडोळे अगदी स्पष्ट. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज शाळेतून बक्षीस आणल्यावर व्हायचा तसा झाला होता. मग म्हणाला, जुने टाक झिजून गुळगुळीत झालेत, तसल्यांची पूजा करत नाहीत, रविवारी सकाळी आपण दोघं जाऊन ते कावेरीत सोडून येऊ. मी म्हटलं, सोडायचे नाहीत. तो म्हणाला, "तूं देव मानत नाहींस. तुझं काय जातें?" आणि मला उत्तर सुचेना. उभा जन्म कॉलेजात पोरांना फिजिक्स शिकवण्यात गेला, वर्गात कुठल्या प्रश्नाला कधी गप्प बसले नाही, आणि सख्ख्या भावाने एक वाक्य टाकलं तर माझी दातखीळ बसली. त्याला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. ते सापडतं का बघावं म्हणून तुला लिहायला बसले आहे.

तू हे वाचणार नाहीस हे मला माहीत आहे. गेलेली माणसं गेली, ती कुठूनही काही वाचत नाहीत, हे माझं मत तुला ठाऊकच होतं. आणि तू असतीस तरी ही अक्षरं तुला कुठे वाचता येत होती? आपलं घर तीनशे वर्षांपासून या तमिळ मुलखात, आरत्यासुद्धा तू तमिळ अक्षरांत उतरवून घेऊन वाचायचीस. ही लिपी आणि हे पुस्तकी मराठी मला पुण्याने दिलं, शिकायला आणि मग नोकरीला तिथे राहिले त्या वर्षांत. परत आल्यावर मी असं बोलायला लागले की तू तोंडावर पदर धरून हसायचीस. "रेडिओ लागला," म्हणायचीस.

अण्णाचंही सांगते, म्हणजे तो उगीच खूळ डोक्यात घेऊन बसलाय असं तुला वाटायला नको. तुझ्या नातीला, त्याच्या मुलीला, आठवा लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत. या वेळी डॉक्टरने तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलंय, आणि अण्णा चेन्नईत बसून दिवसभर फोनकडे बघत असतो. त्याला कुणीतरी सांगितलं की कुळाचे देव उपाशी आहेत म्हणून हे होतंय. देव उपाशी आहेत म्हणजे माझ्याकडे आहेत. माझ्याकडे त्यांना फूल नाही, दिवा नाही, नैवेद्य नाही. त्याने हे मला तोंडावर म्हटलं नाही, एवढा तो भला आहे.

ते टाक म्हटले की मला आधी तुझं स्वयंपाकघर दिसतं. मंगळवारची सकाळ आहे, तू चुलीपाशी रस्सम उतरवून ठेवलंयस, आणि चिंचेचा कोळ आणि विभूती घेऊन देव घासत बसलीयस. तळहातात मावतील एवढे ते चांदीचे पत्रे, आणि त्यांच्यावर ठोकून उठवलेली चित्रं. चित्रं कसली, उंचवटे. किती पिढ्यांच्या बायकांनी चिंच लावून घासलं असेल कोण जाणे, देवीला तोंड उरलं नव्हतं आणि हात किती ते सांगता येत नव्हतं. दुसऱ्या टाकावर घोडा होता एवढं कळायचं, आणि घोड्यावर कुणीतरी. घोड्यावर बसलेला तो खंडोबा, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. चंपाषष्ठीला तू वांग्याचं भरीत आणि रोडगे करायचीस. इथे बाजरी मिळत नाही म्हणून रोडगे तांदळाच्या पिठाचे, आणि हेच खरे रोडगे असं आम्ही समजत होतो. मग अण्णा, आमचे काका चित्तप्पा आणि गल्लीतले आपले लोक ताम्हन उचलून "येळकोट येळकोट" असं ओरडायचे, आणि समोरच्या घरातल्या तमिळ पाट्टी आजी दरवर्षी दारात येऊन विचारायच्या की भांडण कोणाचं लागलं. जेजुरी हे गाव आहे की डोंगर आहे ते तुला ठाऊक नव्हतं. तुझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. पण ओरडणं कधी चुकलं नाही.

अप्पा गेल्यावर तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागलीस. सुट्टीच्या दिवशी तू मला एकदा बरोबर घेऊन गेली होतीस, ते मी विसरले नाही. लांबलचक बोर्ड, त्याला भोकंच भोकं, आणि समोर ओळीने बसलेल्या बायका, कानांवर ते यंत्र चढवून. घरात हळू बोलणारी तू तिथे खणखणीत आवाजात "नंबर प्लीज" म्हणत होतीस. एक वायर उपटायची, दुसऱ्या भोकात खुपसायची, की कुंभकोणमचा माणूस मद्रासच्या माणसाशी बोलायला लागला. मी विचारलं, ते काय बोलतात ते तू ऐकतेस का? तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी चोरीच करायला सांगितली होती. "लाइन जोडणें माझें काम," म्हणालीस. "तिकडे कोण उचलतें, काय बोलतें, तें मला काय म्हणून?"

पुढे मी कॉलेजात गेले आणि देव नाही या निष्कर्षाला आले. मोठं वादळबिदळ काही झालं नाही. या गावात काळे शर्ट घालून चौकात देवाविरुद्ध भाषणं करणारे पुष्कळ होते, पण त्यांच्यामुळेही नाही. ते फार ओरडायचे. मला फक्त एके दिवशी दिसलं की जगाचं जे काही मला समजतं त्यात त्याला कुठेही काम नाही, आणि जे समजत नाही तिथे त्याला बसवणं ही चलाखी आहे. मी हे तुला सांगायला आले तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "सेरि, बरें. जेवून जा." मला इतका राग आला! मी एवढी लढाईची तयारी करून आलेली, आणि समोर सैन्यच नाही. मग मीच तुला डिवचायला लागले. एकदा म्हटलं, तुझ्या एक्स्चेंजमध्ये तीनशे वर्षं पलीकडून कुणी फोन उचलला नाही, तर लाइन तोडशील की नाही? तू विचार केलास, अगदी खरोखर केलास, आणि म्हणालीस, "बिल येत नाहीं ना? मग राहूं दे लाइन." आजवर देवाच्या बाजूने मी जेवढे युक्तिवाद ऐकले त्यात याच्याइतका मला कुठलाच आवडला नाही. खोडताही आला नाही, कारण तो युक्तिवाद नव्हताच.

तुझं सगळंच मला पटत होतं असं मात्र समजू नकोस. सोवळ्यात असताना तू भांडी घासणारीला विहिरीपाशी थांबवायचीस आणि तिने भरलेलं पाणी बाजूला ठेवायचीस. त्यावरून आपण कडाडून भांडलो, त्या भांडणात मी बरोबर होते आणि आजही आहे. ते तूही शेवटी सोडून दिलंस, मला न सांगता. एके दिवशी बघते तर ती स्वयंपाकघरात बसून तुझ्याबरोबर फणस सोलत होती.

आता त्या पुण्याच्या बाई. मी ज्यांच्या घरात भाड्याने राहत होते त्या मालकीणबाई रामेश्वरला निघाल्या होत्या आणि वाटेत आपल्याकडे दोन दिवस उतरल्या. मीही रजा काढून आले होते. तुला कोण आनंद! प्रत्यक्ष तिकडून आलेली, रोज मराठी बोलणारी बाई आपल्या घरात, आणि तिला तू आपलं सांबार वाढतेयस. त्या फार नेमस्त होत्या, पण देवघरापाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. घोड्याचा टाक हातात घेतला, दारापाशी नेला, उजेडात तिरका धरला, परत सरळ धरला. मग म्हणाल्या, "अहो, हा खंडोबा नव्हे." तू पदराला हात पुसत उभी होतीस. त्या म्हणाल्या, "खंडोबाच्या मागे म्हाळसा बसलेली असते, पायाशी कुत्रा असतो. हे बघा, इथे मागे जागाच नाही, पत्रा कोराच आहे. हा एकटाच आहे. हा वीर आहे तुमचा. आमच्याकडे पुष्कळ घरांत असतो. घराण्यातलं कुणी लढाईत पडलं की त्याचा टाक करून देवांत बसवतात. होळीला आम्ही मिरवतो की त्याला."

मला काय झालं ते तुला आठवत असेल. मी हसले. पोट धरून हसले. एवढ्या पिढ्या, एवढी भरितं, एवढे येळकोट, आणि सगळे एका मेलेल्या शिपायाच्या नावे! मला जे वर्षानुवर्षं सिद्ध करता आलं नव्हतं ते एका भाविक बाईने दारातल्या उजेडात करून दाखवलं होतं. मी म्हटलं, "अम्मा, बघ! तिकडे कोणी नव्हतंच!" तू माझ्याकडे वळलीस. आवाज चढवला नाहीस. "हसूं नको गे," म्हणालीस. "कोण तरी मेला आहे."

मग तू त्या बाईंना विचारलंस, "लहान असेल काय तो?" त्या म्हणाल्या, सांगता यायचं नाही, पण लढाईवर जाणारे बहुतेक तरणेच असायचे. तू मान हलवलीस, गॅस बंद केलास, मागच्या अंगणात विहिरीवर गेलीस आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून दोन घागरी ओतून घेतल्यास. मी धावत आले, मला वाटलं तुला चक्कर आली. तू निथळत उभी होतीस. "लांबच्या कोणाची बातमी उशीरां कळली तरी न्हावें लागतें," म्हणालीस. "आपल्या घरचा मुलगा मेला. मला आज कळलें. आज कळलें तर आजचं न्हाणें." मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला होता. त्या मला मागाहून म्हणाल्या, आम्ही इतकी वर्षं वीर मिरवतो, पण त्याच्यासाठी कुणी अंघोळ केलेली मी पाहिली नाही.

मी त्या दिवशी अंगणात उभी राहून काय पाहिलं ते मला नीट कळायला पुष्कळ काळ जावा लागला. मला वाटत होतं की श्रद्धा म्हणजे एक विधान. देव आहे. हा खंडोबा आहे. विधान चुकीचं ठरलं की वर उभं केलेलं सगळं कोसळायला हवं, असा माझा हिशेब. तुझं एक विधान माझ्या डोळ्यांदेखत चुकीचं ठरलं, तू ते जागच्या जागी मान्य केलंस, शंका काढली नाहीस, बाईंना खोटं पाडलं नाहीस, आणि कोसळलं तर काहीच नाही. उलट घरात एक माणूस वाढला. माझ्या ओळखीतल्या किती शास्त्रज्ञांना एवढ्या पटकन आपली चूक मान्य करता आली असती? मला आली असती का? मी माझ्या नास्तिकपणाबद्दल नेहमी म्हणते की मी पुराव्यामागे जाते. तूही पुराव्यामागे गेलीस, अम्मा. फक्त तू पुराव्यामागे जाऊन पोचलीस ती विहिरीवर.

आणि मग कॉफी! पूजा सांगायला वाध्यार आले तेव्हा तू त्यांना सगळी हकीकत सांगितलीस. ते म्हणाले, ठीक आहे, वीर तर वीर, देवांत बसलेला आहे, राहू दे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं तर टाकापुढे पितळी दवऱ्याच्या वाटीत फिल्टर कॉफीचा टंबलर, वर फेस. ते हादरलेच. "देवाला कॉफी चालत नाहीं," म्हणाले. तू म्हणालीस, "देव नव्हे तो, घरचा मुलगा. घरच्या मुलाला सकाळीं कॉफी दिली नाहीं तर कसें?" मी तिथेच होते, मलाही राहवलं नाही, मी म्हटलं, अगं त्याच्या काळी कॉफी कुठे होती? तू दवरा सरळ करत म्हणालीस, "तें दां सांगतें मी, तेंच. बिचारा कधीं प्यालाच नाहीं." वाध्यार हसू आवरत बाहेर गेले. चंपाषष्ठीला तू दोन पानं मांडलीस. एक खंडोबाचं, टाकाशिवाय, नुसती सुपारी ठेवून. दुसरं त्याचं. त्याच्या पानावर तिखट जास्त. लढणाऱ्या माणसाला मिळमिळीत कसं चालेल, म्हणालीस.

तो खंडोबा होता तेव्हा तू त्याला हात जोडायचीस. तो कुणीच नाही असं कळल्यावर तू त्याच्याशी बोलायला लागलीस. आज उकाडा फार आहे, आज तुझ्या पणतीला प्रमोशन मिळालं (म्हणजे मला), आज दूध नासलं म्हणून कॉफी उशिरा. मी ऐकायचे. मी अजूनही म्हणते की ती कॉफी कुणी प्यायली नाही. ती तूच प्यायचीस, गार झाल्यावर. पण मी जे लोक देवाला सर्वशक्तिमान म्हणतात त्यांची प्रवचनं ऐकली आहेत आणि देवाला थोतांड म्हणणाऱ्यांचीही ऐकली आहेत, आणि त्यांतल्या कुणालाच मी तू त्या पत्र्याशी बोलायचीस तेवढं निरपेक्ष बोलताना ऐकलेलं नाही. तो तुला काही देऊ शकत नाही हे तुला पक्कं माहीत होतं. तरी फेस चांगला यावा म्हणून तू ती कॉफी दोनदा उंचावरून ओतायचीस. देव या कल्पनेतून माणसाला जे काही बरं मिळालं असेल ते मला तुझ्या त्या हातात दिसलं. मी तुझ्यावर जळलेसुद्धा, हे आता लिहायला हरकत नाही.

शेवटच्या आजारात तू मला हाक मारलीस आणि दोन्ही टाक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलेस. अण्णा होता, तुझी सून होती, देव थोरल्या मुलाकडे जातात हा कुळाचा रिवाज होता. तू सगळं बाजूला सारून मला दिलेस, आणि म्हणालीस एवढंच, "घांसत जा." पूजा कर म्हणाली नाहीस. मला वाटलं, हा गळ आहे. अम्मा शेवटी अम्माच. जाता जाता तिने गळ टाकून ठेवला, की कधीतरी घासता घासता हिचे हात जोडले जातील. मला थोडा रागही आला आणि थोडं बरंही वाटलं, की चला, शेवटी एकदा तरी तू माझ्याशी लढलीस. तेव्हापासून मी मंगळवारी घासते. हात जोडलेले नाहीत. गळाला लागले नाही म्हणून मनातल्या मनात तुला दरवेळी सांगतेही. पण अण्णाने विचारलं, तुझं काय जातें, तर त्याला सांगणार काय? अम्माने मला आस्तिक करायला दिलेले देव मी आस्तिक न होता धरून बसलेय, हे काही उत्तर झालं नाही.

इथवर लिहून थांबले होते. आज सोमवार आहे, अण्णा काल येऊन गेला.

सकाळच्या गाडीने आला, अंघोळ केली, आणि ओट्यावर मखमलीची डबी उघडून नवे देव मांडले. सुंदर आहेत, त्यात शंका नाही. देवीच्या नथीतला मोतीसुद्धा दिसतो. खंडोबाच्या मागे म्हाळसा आहे, पायाशी कुत्रा आहे, तोही दात दाखवतो. अण्णा म्हातारा झालाय गं. पाय मोकळे करत खाली बसला तेव्हा त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी कॉफी दिली. त्याने परत विचारलं नाही, मीच जे होतं ते सांगून टाकलं. म्हटलं, अण्णा, माझ्याकडे उत्तर नाही. मी मानत नाही, पुढेही मानणार नाही. पण अम्माने हे माझ्या हातात दिले. का दिले ते मला कधी कळलं नाही, तरी दिले, आणि ते पाण्यात जाताना मला बघवणार नाही. पोरीच्या जिवासाठी ते सोडायलाच हवेत असं तुला वाटत असेल तर ने, मी अडवणार नाही.

त्याने टंबलर खाली ठेवला. मग म्हणाला, "कां दिले तें मला ठाऊक आहे."

मी विचारलं, का? तो म्हणाला, "मी भांडलों तिच्याशीं. म्हटलों, थोरला मी. ती मानत नाहीं, तिच्याकडें देवांचं काय होणार? अम्मा म्हणाली, म्हणून दां तिला देतें. ती कांहीं मागणार नाहीं. म्हणाली, तुम्हीं सगळे मागून मागून त्यांना झिजवलांत रे. तुझा बाप, त्याचा बाप, मी, तूं. चिंचेनें थोडेंच झिजले ते? आतां न मागणाऱ्याच्या घरीं जरा बसूं देत."

"इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"कां सांगूं? मला वाईट वाटलें होतें."

मला रडू आलं, अम्मा. सरळ रडले, त्याच्यासमोर. गळ नव्हताच तर. मी इतकी वर्षं ज्या गळाला न लागल्याची फुशारकी मारत होते तो तू टाकलाच नव्हतास. माझ्यात काही कमी आहे, ते भरून यावं, असं तुला वाटलंच नव्हतं. जे माझ्यात नव्हतं त्याचाच तुला उपयोग होता. तुझ्या देवांना दमायला झालं होतं आणि तुझ्या ओळखीत त्यांना त्रास न देणारं एकच घर होतं.

अण्णाने नाक शिंकरलं, टाकांच्या फडक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "राहूं देत. ते बसूं देत." मग नव्या देवांची डबी बंद करून मांडीवर घेतली. "हे माझ्याकडें नेतों. हे नवे आहेत, यांच्यांत दम आहे. मागायचें तें यांच्याकडें मागतों." आणि आम्ही दोघंही हसलो, तो पोट हलेपर्यंत. दुपारी मी वांग्याचं भरीत केलं, तो दोनदा मागून जेवला आणि तुझ्यासारखं नाही म्हणाला.

संध्याकाळी ऑटो दारात आली. तो डबी छातीशी धरून बसला. मीटरवरून ऑटोवाल्याशी त्याची नेहमीची हुज्जत चालली होती, तेवढ्यात मी जवळ गेले आणि त्याच्या दंडाला हात लावला. म्हटलं, "अण्णा, पोरीसाठीं मागशील तेव्हां माझ्याही वाटचं माग." तो चेष्टा करेल असं मला वाटलं होतं. त्याने केली नाही. मान हलवली, डबी जरा घट्ट धरली आणि गेला.

मी अजून मानत नाही, अम्मा. इथल्या दोघांना मी काही मागितलेलं नाही, ते तू ठेवलेस तसेच बसलेले आहेत. पण मागितलं, एवढं खरं. हे दुसऱ्या कुणाला सांगायची मला लाज वाटते, आणि तुझ्यापर्यंत हे पोचायचं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.